घमेलंभर मातीचा सूड

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात रोमवर दीड पान होतं. त्यातलं एक पान राजे आणि सेनापती खाऊन जायचे. उरलेल्या अर्ध्यात एक परिच्छेद होता तिथल्या गोल, पायऱ्यापायऱ्यांच्या मैदानांवर. मधे वाळू, वाळूत लढणारी माणसं आणि भोवती हजारो लोक शेंगा फोडत बसल्यासारखे निवांत बघताहेत. या एका परिच्छेदापायी मी एका माणसावर अठ्ठेचाळीस वर्षं डूख धरून बसले. नागीण बरी, ती निदान दूध पिऊन गप्प पडते म्हणतात.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. साताऱ्याच्या पेठेत वाढलेली, इतिहासात एम. ए. झालेली, आणि लग्न होऊन पलूसच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलला लागलेली. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, खळ घातलेलं वॉयलचं पातळ, पाऊस असो नसो काखेत छत्री. त्या बाईचा एक फोटो माझ्याकडं आहे. मान अशी ताठ, जणू रोम हिनंच बांधलं आणि पाडलंही हिनंच. आज समोर आली तर कानाखाली एक ओढीन, आणि मग जवळ बसवून भात वाढीन.

फळ्यावर मी रोमचं मैदान काढायचे ते कापलेल्या फणसासारखं दिसायचं. पोरं विचारायची, “बाई, हे काय?” मी म्हणायचे, “सर्वात खाली, पुढं, सरदार. त्यांच्या मागं खात्यापित्या घरचे लोक. त्यांच्या मागं गोरगरीब. आणि अगदी वर, शेवटच्या पायऱ्यांवर, बायका.” मुली हे वहीत उतरवून घ्यायच्या. “हरलेल्याचं काय करायचं ते लोक अंगठ्यानं सांगत. अंगठा खाली, म्हणजे मार,” हे तर मी असं ठणकावून सांगायचे की मागच्या बाकावरचे दचकायचे. निवृत्तीनंतर वाचनालयात एका पुस्तकात वाचलं की अंगठा नक्की कुठं वळवत, ते कुणालाच ठाऊक नाही. पस्तीस वर्षं पोरांनी पेपरात चुकीचं लिहिलं आणि मी लाल पेनानं त्यावर बरोबरची खूण केली!

आता आमच्या गावाचं मैदान. गावाबाहेर टेकडीच्या कुशीत आहे. तीन बाजूंनी उतार, त्या उतारावर दगडी पायऱ्या खोदलेल्या, आणि मधे कुस्तीचा आखाडा. तांबडी माती चाळून, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मुरवून लोण्यासारखी केलेली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं कुस्त्या होत. उंब्रजपासून विट्यापर्यंतचे लोक येत. मी लग्नानंतर पहिल्यांदा ती जागा लांबून पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. हेच की ते! फणस नव्हे, खरंखुरं रोम, माझ्या शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर.

बायका तिथं जात नसत. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं असं कुणाला वाटलंच नाही. आणि मी विचारलं नाही, कारण मी एम. ए. होते.

यात्रेच्या त्या दुपारी आठवीच्या चौदा मुलींना रांगेत घेऊन मी मैदानावर गेले. प्रत्येकीच्या हातात वही, पेन्सिल आणि एक सुतळी, कारण मला पायऱ्यांची उंची मोजून घ्यायची होती. कुस्त्या सुरू व्हायला अवकाश होता, पण पायऱ्या भरत आल्या होत्या. आम्हाला बघून आधी एक कोपरा गप्प झाला, मग दुसरा. मला वाटलं, शिक्षणाचा मान राखताहेत.

मग मी ती गोष्ट केली. मुलींना म्हटलं, “रोममध्ये वाळू का टाकत, तर रक्त शोषून घ्यायला. आपल्याकडं बघा माती कशी असते,” आणि दाखवायला दोन पावलं पुढं होऊन आखाड्यात उतरले. चपला घालून. अजून नारळ फुटायचा होता, मारुतीच्या तसबिरीपुढं उदबत्ती नुकती लावली होती, आणि ही बाई तिथं तांबड्या मातीत टाचा रुतवून उभी!

“ए बाई!”

ही हाक आखाड्याच्या वस्तादांची. तेव्हा चाळिशीतला माणूस, मान अशी नाहीच, खांद्यावरनं थेट डोकं सुरू. गावातले सगळे पैलवान त्यांच्या हाताखाली तयार झालेले आणि यात्रा कमिटीत त्यांचाच शब्द. लाऊडस्पीकर त्यांच्या हातात होता, त्यामुळं ती हाक सगळ्या टेकडीनं ऐकली.

मी म्हटलं, “मी हायस्कूलची शिक्षिका आहे. मुलींना अभ्यासासाठी...”

“हितं कुस्त्यांचं मैदान हाय, हळदीकुक्वाचं न्हाई. चालती व्हा.”

पायऱ्या हसल्या. माणसं हसली असं मी म्हणत नाही, कारण तोंडं मला दिसलीच नाहीत. तीन बाजूंनी दगडच हसला. मी घाईनं चपला काढल्या आणि हातात घेतल्या. तेवढ्यानं भागेल असं वाटलं.

“चपलंचं सोडा वो,” वस्ताद माइकवरनं म्हणाले, “चप्पल झाडली की झालं. बाईचा पाय लागला, त्याचं काय करायचं? ब्रह्मचारी देव हाय ह्यो. काढा रं ती माती!”

दोन पैलवान फावडं आणि घमेलं घेऊन आले. मी जिथं उभी होते तिथली वीतभर माती खरवडून त्यांनी घमेल्यात भरली. हलगीवाल्याला काय अवदसा आठवली, त्यानं ठेका धरला. घमेलं उचललं, ठेका. डोक्यावर घेतलं, ठेका. ओढ्याच्या बाजूला नेऊन उलटं केलं, आणि शिट्ट्या. मी आणि माझ्या चौदा मुली त्या घमेल्याच्या मागनं चालत बाहेर पडलो, कारण वाट तेवढी एकच होती.

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपरातनं मान वर न करता विचारलं, “तू गेलीसच कशाला तिथं?” या वाक्याचाही सूड घ्यायचा होता, पण ते आधीच गेले.

त्या चोवीस वर्षांच्या बाईनं मग वहीत एक प्रतिज्ञा लिहिली. ती इथं देत नाही, कारण तिच्यात ‘धमन्या’ हा शब्द तीनदा आहे. थोडक्यात सांगायचं तर, या माणसाला याच मातीत, याच पायऱ्यांसमोर, मुलींपुढं उभं करीन. कसं, ते लिहिलं नव्हतं. एवढी अक्कल असती तर चपला घालून उतरले असते का?

मधल्या काळात जमेल तसे बारीक चिमटे काढत राहिले. वस्तादांची तिन्ही मुलं माझ्या वर्गातनं गेली. मार्क कापले नाहीत, देवाशपथ. तेवढं पाप करण्याइतकी मी शूर नव्हते. पण रोमचा धडा आला की वर्गात आम्ही मैदान मांडायचो, आणि वस्तादांच्या पोराला मी दर वेळी सिंहापुढं टाकायचे. सिंह व्हायची एखादी मुलगी. धाकट्याला तर दोनदा टाकला. तो घरी काय सांगायचा कोण जाणे, पण बैलपोळ्याला भेटले की वस्ताद माझ्याकडं बघायचे ते वजन करावं तसे.

दिवस बदलले. कुस्तीत मुली आल्या. आधी दूरच्या गावांतनं बातम्या यायच्या, मग आमच्याच गावातली एक पोरगी कराडला तालमीत जायला लागली. तिची आजी माझ्या त्या चौदांतली एक. गेली काही वर्षं आमच्या यात्रेतही मुलींची एखादी कुस्ती लावतात. ती पुकारली की वस्ताद पुढच्या रांगेतनं उठायचे, धोतर झटकायचे आणि काठी टेकत मैदानाबाहेर निघून जायचे. लोक उठून वाट करून द्यायचे. मुलींच्या कुस्तीपेक्षा त्यांच्या जाण्याकडंच जास्त नजरा असायच्या. वय अठ्ठ्याऐंशी, पण मैदान कसं खायचं ते विसरले नव्हते.

गेल्या वर्षी यात्रेआधी कमिटीचा चिटणीस घरी आला. तोच मैदानाचं निवेदनही करतो, आणि माझा विद्यार्थी. इतिहासात कच्चा, पण गळा खणखणीत.

“बाई, औंदा प्रमुख पाहुण्या तुमी. न्हाई म्हणायचं न्हाई.”

“मी? तिथं? मातीचं काय करशील मग?”

तो हसला. त्याला काही ठाऊक नव्हतं, त्याचा जन्म त्यानंतरचा. सगळं सांगितलं तेव्हा म्हणाला, “आयला... माफ करा बाई. वस्तादांनी असं केलं?”

“केलं. म्हणून येते. पण मुलींची कुस्ती कुणाच्या हस्ते लावायची, ते मी ठरवणार. आणि पुकारणारही मी.”

आमच्याकडं मानाची कुस्ती असली की कुणीतरी वडीलधारा आखाड्यात उतरतो, दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांत देतो, फोटो निघतो, आणि मग सलामी होते. याला कुस्ती लावणं म्हणतात. चिटणीसाच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं.

“बाई, म्हातारा उठून जाईल. दरसाल जातोय.”

“उठून जायला आधी कळायला पाहिजे ना, कुणाची कुस्ती आहे ते.”

“आणि कळल्यावर?”

“पुकारल्यावर आखाड्यातनं माघारी फिरलेल्याला वस्ताद काय म्हणतात रे?”

हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. वस्ताद जन्मभर माइकवरनं गर्जत आलेत, पुकारल्यावर जो माघारी फिरतो त्यानं लंगोट उतरवून म्हशी राखाव्यात. चिटणीसानं डोकं खाजवलं. “लय वंगाळ डोकं हाय बाई तुमचं.”

“तुला आत्ता कळलं? आठवीत तीन वर्षं बसून?”

आठवडाभर मला धड झोप नव्हती. इस्त्रीचं पातळ दोनदा बदललं. त्या जुन्या बाईला म्हणत होते, बघ गं, तुझ्या धमन्यांनी काही झालं नाही, माझ्या संधिवातानं होतंय.

मैदान गच्च भरलं होतं. मला पुढच्या रांगेत मधोमध खुर्ची होती. रोममध्ये बायकांनी वरच बसायचं हा नियम, पण देवीच्या पुजारणींना खाली पुढं मानाची जागा असे. त्यासाठी त्यांना तीस वर्षं कुमारी राहावं लागायचं. मला पस्तीस वर्षं खडू झिजवावा लागला, म्हणजे त्यांचंच जरा स्वस्तात पडलं. माझ्या उजवीकडं दोन खुर्च्या सोडून वस्ताद. त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला. वाघ-शेळीचा पट मांडला होता आणि शेळी कोण हे एकट्या मलाच ठाऊक होतं.

आधी त्यांचा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. मग मी माइक हातात घेतला.

“आता एक मानाची कुस्ती आहे,” मी म्हटलं. “ही कुस्ती लावायला या आखाड्याच्या वस्तादांनीच मातीत यावं, अशी माझी विनंती.”

टाळ्या पडल्या. वस्ताद खूश. जोडे काढले, काठी टेकत उतरले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मधोमध उभे राहिले. छाती या वयातही बाहेर. मी मनात तीन आकडे मोजले. मग दोन नावं पुकारली. एक आमच्या गावची पोरगी, दुसरी मेढ्याची.

दोन्ही मुली मातीत उतरल्या. मारुतीच्या तसबिरीला हात जोडले, वस्तादांच्या पाया पडल्या आणि त्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. हलगी थांबली. टेकडी गप्प. मला ती शांतता ओळखीची होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ती माझ्यासाठी झाली होती.

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना आठवत होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांचा चेहरा पडला, आणि मी तो पडताना पाहिला. ते समाधान मी शब्दात सांगू शकत नाही. गरम भाकरीवर लोणी वितळावं तसं ते माझ्या आत पसरत गेलं. मागनं कुणीतरी ओरडलं, “वस्ताद, म्हशी राखायच्या का काय?” आणि पायऱ्या हसल्या. त्यांच्यावर. मी माइक तोंडाशी धरला. “वस्ताद, आता ही माती काढायची का?” हे वाक्य मी घरी आरशापुढं वीस वेळा म्हणून बघितलं होतं.

ते वाक्य माझ्या तोंडातनं निघालंच नाही. हरभऱ्याचा घाटा सोलायला लागतो तेवढाच वेळ त्यांचा चेहरा पडलेला राहिला. मग ते काठी टेकत आखाड्याच्या कडेला माझ्यापर्यंत आले, “आणा हिकडं,” म्हणाले, आणि माझ्या हातातला माइक काढून घेतला. बाईच्या हातातनं माइक काढून घ्यायला पुरुषाला जोर लागत नाही, मी तो दिलाच.

“मंडळी,” ते म्हणाले. तोच आवाज, जरा चिरका झालेला. “आजपतूर म्या पोरींची कुस्ती लावली न्हाई. माझ्या डोळ्यांम्होरं तर हुऊ बी दिली न्हाई. पर आज म्हाताऱ्याला कळलंय. पोरगी काय, पोरगा काय, माती ईचारत न्हाई! आज ही कुस्ती म्या लावतो, माझ्या हातानं!”

टेकडी उठली. शिट्ट्या, फेटे हवेत, हलगी अशी कडाडली की कबुतरं उडाली. पाचशे मोबाइल वर गेले. म्हाताऱ्यानं दोन्ही पोरींचे हात हातात घेतले, वर उचलून चारी बाजूंना दाखवले, आणि वर आमच्या गावच्या पोरीच्या पायाला काठी लावून म्हणाला, “पाय मागं घे, बाळ. अशी हुबी ऱ्हायलीस तर पडशील.” लोक रडले हो! माझ्या शेजारचे सभापती रुमालानं डोळे पुसत होते. मी एकटी कोरडी ठणठणीत, रिकामा हात तसाच तोंडापुढं धरून.

कुस्ती निकाली झाली. मेढ्याच्या पोरीनं चौथ्या मिनिटाला आमच्या पोरीची पाठ मातीला लावली. देखणा डाव होता. पण त्या वेळी लोक वस्तादांना खांद्यावर घेऊन आखाड्याला फेरी मारत होते. ती पोरगी विजयी हात वर करून मधे उभी, आणि तिच्याकडं पाठ करून सगळं मैदान फोटो काढत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तीन कॉलमी फोटो. वस्ताद आणि दोन पोरींचे हात. पोरींची तोंडं कापलेली. खाली मजकूर, की अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वस्तादांनी जुनी प्रथा मोडून इतिहास घडवला. सांगलीहून नातीचा फोन आला.

“आजी, तुमच्या गावचे ते आजोबा कसले गोड आहेत! सगळीकडं तेच फिरताहेत. तू होतीस ना तिथं?”

“होते. माइकची दांडी समज.”

इतिहासाच्या शिक्षिकेला हे आधी कळायला हवं होतं. रोमच्या मैदानांचे दगड आजही सापडतात. त्यांवर नाव असतं खेळ भरवणाऱ्याचं. लढलेल्याचं क्वचितच, आणि मैदानाबाहेर काढलेल्याचं तर कधीच नाही. मी पस्तीस वर्षं हे शिकवलं आणि स्वतःच्या हातानं त्या माणसाला दगड घडवून दिला.

महिन्याभरानं वस्ताद स्वतः घरी आले, सोबत चिटणीस. पेपरातलं कात्रण प्लास्टिकमध्ये घालून आणलेलं. चहा घेतला, बशीत ओतून, फुर्र करून. मग चिटणीस खाली बघत म्हणाला, “बाई, यात्रेची स्मरणिका काढतोय. वस्तादांवर एक लेख पायजे. पोरींची कुस्ती कशी सुरू केली, ते.”

“मग?”

“आवं, इतिहास तुमीच लिवायचा की,” वस्ताद म्हणाले. “तुमच्याबगर कोण हाय गावात?”

चेष्टा करताहेत का, ते कळेना. म्हटलं, “सगळं लिहीन. घमेल्यापासून.”

त्यांनी बशी खाली ठेवली. मिशीवरनं हात फिरवला. “लिवा. पर माझं नाव तेवढं ठळक अक्षरात टाका, नातवंडास्नी दावायला.”

ते गेल्यावर मी कपबशा विसळायला घेतल्या. मग आठवलं. एखादा माणूस डोक्यात गेला की रोमवाले त्याचं नाव दगडावरनं छिन्नीनं खरवडून काढत. पुतळा ठेवत, इमारत ठेवत, बाकीची अक्षरंही ठेवत. नावाच्या जागी नुसता खळगा. त्याच संध्याकाळी लिहायला बसले.

हा तो लेख. यात घमेलं आहे, माइक आहे, त्यांचं सगळं भाषण आहे, माझ्या चपला आहेत. त्यांचं नाव नाही. कुठंही नाही, ठळक नाही आणि बारीकही नाही. एकट्याचं गाळलं असतं तर थेरडीचा सूड म्हणून चिटणीसानं भरून टाकलं असतं, म्हणून सगळ्यांचीच गाळली. माझं, गावाचं, नातीचं, चौदाजणींचं.

जीव एका ठिकाणी अडकला. मेढ्याच्या पोरीचं नाव मला द्यायचं होतं. कुस्ती तिनं जिंकली, आणि ते छापून येण्याची ही एकच जागा होती. पण एक नाव दिलं की बाकीची द्यावीच लागतात. शेवटी चिटणीसाकडनं तिचा नंबर घेतला आणि फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, “पोरी, तुझं नाव घातलं तर त्यांचंही येणार. तू सांगशील तसं करते.”

पलीकडं म्हैस हंबरत होती. ती जराही थांबली नाही.

“आजी, माझं ऱ्हाऊ द्या. पर त्येचं येऊ देऊ नगा.”